जर्मनचा गलास

प्रिय शांते,

हिवरखेडहून निघताना आईनं माझ्या पिशवीत आपला जर्मनचा, ॲल्युमिनियमचा गलास घातला, तेव्हा तू दारातच उभी होतीस. "लोकाइच्या कपाले हात लावू नको, बोलनी खाशीन," आई म्हणाली. बाबा चिडले. बुद्धाची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती. "आता काहाले वाकाचं?" म्हणाले. पण गलास त्यांनीही बाहेर काढला नाही. जग त्यांनाही ठाऊक होतं.

अमरावतीला नर्सिंगमध्ये नंबर लागला होता, पण राहायची सोय आपली आपण पाहायची होती. दोन घरांत आडनाव विचारलं आणि लगेच कळलं की खोली आत्ताच गेली. काय ती अमरावतीतल्या खोल्यांची घाई! तिसरं घर मेरीमावशींचं. नवरा वारलेला, मिशनच्या शाळेत शिकवायच्या. इथं नाही जमलं तर संध्याकाळच्या मोटारीनं परत, नर्सिंग विसर, असं बाबांनी वाटेतच सांगितलं होतं.

मावशी "या, आत या" म्हणाल्या आणि आम्ही दोघं पायरीवर बसलो. त्या चहा घेऊन आल्या, तशी मी पिशवीतून गलास काढला, खाली ठेवला आणि हात मागे घेतला. वरून ओतता यावा म्हणून. गावात हेच तर शिकलो आपण. बाबांनी मान खाली घातली.

"बाई, आमी कोन हाव, ठाऊक हाये ना?" त्यांनी विचारलं.

"पाव्हने हा तुमी. चा थंडा होऊन राहिला."

मावशी आमच्या शेजारी पायरीवर बसल्या. माझ्या गलासात चहा ओतून त्यांनी तो स्वतःच्या तोंडाला लावला आणि आपला फुलाफुलांचा कप माझ्या हातात दिला. जर्मनच्या गलासात गरम चहा म्हणजे ओठांची परीक्षाच! पदरात धरून, फुंकत फुंकत त्या पीत राहिल्या. बाबा रडले, शांते. तुला कधी सांगितलं नसेल त्यांनी.

तीन वर्षं राहिले मी तिथं. गलास मावशींनी मला परत दिलाच नाही. रोज त्यातच चहा प्यायच्या. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "येशूच्या मागं चालतो म्हनाचं अन् पाव्हन्याले पायरीवर ठेवाचं, तं तो मले ओयखीन का?" आमच्या धर्मात ये, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. मी बुद्धाचीच राहिले.

अकोल्याला नोकरी लागली तेव्हा त्यांनी गलास पुसून माझ्या ट्रंकेत ठेवला.

परवा जंगलातल्या सेमाडोहची एक कोरकू आदिवासी बाई लेकीला दवाखान्यात भरती करून माझ्या क्वार्टरवर आली. पायरीवरच बसली. मी चहा केला आणि हात आपोआप फळीवरच्या त्या गलासाकडे गेला. तिच्यासाठी! माझा हात, शांते, माझा! लाजेनं मेल्यासारखं झालं.

तू पत्रात विचारलंस, आता तुझं घर कोणतं, हिवरखेड की अकोला? खरं सांगू, मावशींच्या पायरीवर मला पहिल्यांदा घर मिळालं. ते रोज नव्यानं करावं लागतं, हे परवा कळलं.

बाईला हाताला धरून आत आणलं. कप तिला दिला, गलास मी घेतला. ओठ चांगलेच पोळले.

तुझी,
ताई