पारासमोरची वरात

चुलतभावाच्या मुलाची वरात मारुतीच्या पारासमोर आली आणि मी चपला काढून हातात घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या लोकांनी तिथून वहाणा घालून जायचं नाही, हा गावचा जुना रिवाज. लहानपणी वडील काढायचे, त्यांच्यामागं मी. पायांना ते पाठच झालेलं. अंगात सफारी, डोक्याला फेटा, हातात चपला, असा मी बँडपुढं नाचत होतो. बँडवाल्याला वाटलं, नवीन स्टेप असेल.

रस्त्याच्या कडेला माझी मुलगी खाकीत उभी होती. आमच्या बुद्धवाड्यातून पोलिसात गेलेली पहिलीच. आमचा नवरदेव पारासमोरून घोड्यावर जाणार, हेही पहिल्यांदाच. म्हणून पैठणहून बंदोबस्त आला होता.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "पप्पा, चपला घाला. लोक बघतायत."

घालायला वाकलो, तेवढ्यात दगड आला. आयुष्यभर वाकलो, त्याचा एवढाच फायदा. तो डोक्यावरून जाऊन मागच्या ढोलवाल्याच्या कानावर बसला. सदरा रक्तानं भरला, बँड थांबला.

मुलगी थेट पारावर चढली आणि एकाचं मनगट धरलं. "ह्यानं मारला. मी बघितलंय."

तो हसला. "हात सोड गं. वर्दी ठाण्यात मिरव. इथं तू कोण, ते आम्हाला माहीत हाय."

फौजदार धावत आले. मला वाटलं, आता बेड्या पडणार. त्यांनी मुलीलाच बाजूला घेतलं.

"तू गाडीत बस. तू इथलीच. लोक म्हणतील, पोलिसानं जात बघितली."

"सर, इथलीच म्हणून तर मला आणलं ना?"

"बस म्हणलं ना गाडीत."

ती बसली. तो मात्र पारावरच राहिला. कुणीतरी त्याला तंबाखू मळून दिली. आम्ही बँडशिवाय पुढं सरकलो. गाडीच्या जाळीमागं ती दिसत होती. परक्या माणसाला वाटलं असतं, आरोपी हीच.

ढोलवाल्यानं तक्रार नाय म्हणून सांगितलं. त्याला याच गावांत वाजवून खायचं होतं. संध्याकाळी फौजदारानं समजावलं, मिटलंय, तू कशाला पडतीस? तरी मुलीनं ठाण्यात दगड मारणाऱ्याचं नाव घेऊन जबाब दिला, सही केली आणि रात्री आमच्यासोबत शहरात, हर्सूलच्या घरी आली.

ती आत गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "पोरगी लई धीराची निघाली."

"व्हय, निघाली," बायको म्हणाली. "पण जबाबात त्याचं नाव गेलंय, आणि तुमच्या आई तिथं गावातल्या घरात एकट्या झोपल्यात. उठा, त्यांना घेऊन या."