सत्तर फुटी भांडण

केझाया हॅडन चालत्या बोटीत जन्मली, आणि तिच्यासाठी आईने बोट थांबवली नाही, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगत असे. बाप सुकाणूवर उभा होता, आई केबिनमध्ये कळा देत होती आणि थोरली बहीण ट्रायफीना काठावरून बोट ओढणारा घोडा हाकत होती. कोळसा बर्मिंगहॅमला वेळेवर पोचला, केझाया जरा आधीच पोचली. पुढच्या आयुष्यात ती कुठेही वेळेआधी पोचल्याचं कुणाला आठवत नाही, पण सुरुवात चांगली होती.

कालव्यावरच्या माणसांचं घर सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद. त्यातही सगळी लांबी कोळशाला आणि माणसांना मागच्या टोकाला एवढीशी केबिन. या केबिनमध्ये केझायाने संसार केला, तीन मुली वाढवल्या आणि धुराड्यावरच्या पितळी कड्या रोज अशा घासल्या की समोरून येणाऱ्याने डोळे मिटावेत. नवरा एनॉक. तो बोलत नसे. लग्नात पाद्र्याने विचारलं तेव्हा त्याने मान हलवली, आणि पाद्र्याने तेवढ्यावर भागवून घेतलं.

एनॉकच्या वाटचं केझाया बोलत असे. पण कालव्यावर बोलणं सोपं नाही. बोटी थांबत नाहीत. समोरून ओळखीची बोट आली की दोन सुकाणू एकमेकांना पार करून जाईपर्यंत जेवढं बोलता येईल तेवढं बोलायचं, म्हणजे सत्तर फुटांत बातमी, चौकशी, टोमणा आणि पाककृती. ‘ऐकलंस का, मेबलचा नवरा’ एवढं कानावर पडायचं आणि बोट निघून जायची. मग मेबलच्या नवऱ्याचं काय झालं ते कळायला दुसरी बोट भेटावी लागे. केझायाने एकदा सगळा हिवाळा तो मेला असं समजून काढला आणि वसंतात तो हात हलवत समोरून आला तेव्हा ती इतकी दचकली की बोट पुलाला घासली. त्याला फक्त पडसं झालं होतं.

ट्रायफीनाशी तिचं भांडणही असंच सत्तर-सत्तर फुटांचं होतं.

झालं होतं ते असं. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. पाणी ज्याच्या बाजूला असेल आणि ज्याच्या माणसाचा हात दरवाजाच्या दांड्यावर असेल, त्याची बोट आधी जाणार. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. तरुणपणी एका सकाळी केझायाने लॉक आपल्यासाठी तयार केलं आणि ट्रायफीनाच्या नवऱ्याने, सेथने, समोरून येऊन ते चोरलं. बोट चोरली तर कालव्यावर एक वेळ माफी आहे. लॉक चोरणाऱ्याला नाही.

बोटी शेजारून गेल्या तेव्हा केझाया बहिणीला म्हणाली, “चोर.” ट्रायफीना काहीतरी म्हणाली, पण तेवढ्यात सत्तर फूट संपले. पुढच्या भेटीत केझायाने उरलेलं सांगितलं. त्याच्या पुढच्या भेटीत ट्रायफीनाने उत्तर दिलं, पण कशाचं ते केझायाला आठवेना. शेवटी दोघी एकमेकींना पाहिलं की धुराड्याकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. सेथ वारला तेव्हा केझाया रडली, तीही धुराड्याकडे तोंड करून.

मग लॉऱ्या आल्या आणि त्यांनी सगळा माल पळवला. एनॉक आणि केझायाने आपली ‘लार्कस्पर’ थॉर्निकॉट गावाकडे जाणाऱ्या कालव्याच्या फाट्याच्या टोकाला, जुन्या धक्क्याला बांधली. फाटा कुणालाच नको होता. त्यात बदकं होती, शेवाळ होतं आणि गावाने टाकून दिलेल्या सायकली होत्या. केझायाला तो स्वर्ग वाटायचा. पण कालव्यांच्या कचेरीने एक दिवस ठरवलं की फाटा बुजवून गाड्या उभ्या करायला जागा करावी आणि हॅडन पतिपत्नींना गावातल्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोल्या द्याव्यात. केझाया त्या खोल्या बघायला गेली, मधोमध उभी राहिली आणि वाट बघत राहिली.

“काय झालं?” दाखवणाऱ्या बाईने विचारलं.

“हे हलतच नाही,” केझाया म्हणाली आणि घरी येऊन एनॉकला म्हणाली, “मी तिथं आठवड्यात मरेन. तू दोन आठवडे टिकशील, तू तसाही कमी हलतोस.”

तेव्हा धावून आली कालवा बचाव समिती. तिचे प्रमुख मिस्टर पिल्बीम हे निवृत्त दंतवैद्य होते. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून पाहिल्यावर म्हातारपणी त्यांना मोकळं पाणी बघावंसं वाटलं. ते कालव्यावर इतकं प्रेम करत की दर रविवारी त्यात पडत. केझाया त्यांना ‘दातवाले’ म्हणे आणि आकड्याच्या काठीने बाहेर ओढून सूप पाजे.

समिती म्हटली की ती फुटणार. ही फुटली बिल्ल्यावरून. बिल्ल्यावर राजहंस असावा असं पिल्बीम म्हणाले, लॉकचा दरवाजा असावा असं मिसेस क्लटरबक म्हणाल्या, आणि बशीतली बिस्किटं संपायच्या आत फाटा रक्षण संघ स्थापन झाला. दोन्ही बाजूंना तोच फाटा वाचवायचा होता. त्यामुळे समेट अशक्य होता.

कचेरीने अट घातली. सप्टेंबरात ठरल्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, फाट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाण्यावरून माल पोचला तर फाटा जिवंत समजू. नाही पोचला तर माती टाकू. समितीने अर्ज केला: धक्क्यावरून गावातल्या बायकांचा प्लमचा जॅम मुख्य कालव्याच्या संगमावर नेऊ. संघाने गुपचूप अर्ज केला: संगमावरून धक्क्यावर कोळसा आणू. समितीने केझायाला धरलं. संघाने कुणाला धरलं असेल? फाट्याच्या अवघड वळणांची माहिती असलेलं दुसरं एकच माणूस उरलं होतं. कचेरीने दोन्ही अर्ज मंजूर केले. दिवस एकच दिला. असं का केलं हे कचेरीला विचारायचं नसतं.

त्या दिवशी धक्क्यावर कचेरीचे थोरले साहेब घडीची खुर्ची, छत्री आणि थर्मास घेऊन बसले. धाकटे साहेब संगमावर बसले. केझायाने पितळ घासलं, नवी टोपी घातली, बरण्यांच्या पेट्यांवर सतरंजी पसरली आणि ‘लार्कस्पर’ निघाली. समिती काठावरून चालत टाळ्या वाजवत होती. पिल्बीम पहिल्याच पुलापाशी पाण्यात पडले, तो शुभशकुन मानण्यात आला.

फाट्याच्या मध्यावर घळ आहे. दोन्ही बाजूंना खडक, जेमतेम एका बोटीपुरतं पाणी, आणि मैलभर आगेमागे बोट वळवायला जागा नाही. घळीत शिरण्यापूर्वी भोंगा वाजवायचा, समोरून उत्तर आलं तर थांबायचं, हे बोटीवरच्या पोराला चालायच्या आधी शिकवतात. केझायाने भोंगा वाजवला नाही, कारण भोंगा नव्हता. समितीने फुटण्यापूर्वी ‘कालव्यावरचं जुनं जीवन’ नावाचं प्रदर्शन भरवलं होतं, त्यासाठी नेलेला तिचा भोंगा गावच्या वाचनालयात काचेच्या कपाटात होता. त्याच्या शेजारी ‘हॉर्नबीम’चा भोंगा होता. ‘हॉर्नबीम’ म्हणजे ट्रायफीनाची बोट.

वळणावर दोन बोटींची नाकं एकमेकांवर ठण्ण करून आपटली. जॅमच्या बरण्या किणकिणल्या. काठावर समिती आणि संघ समोरासमोर आले आणि बिल्ले बघून एकमेकांना न ओळखल्यासारखं करू लागले.

सुकाणू मागे, नाक पुढे. म्हणजे दोघी बहिणींमध्ये दोन बोटी, जॅम आणि कोळसा एवढं अंतर होतं. केझाया टोपी सावरत पेट्यांवरच्या फळ्यांवरून चालत पुढे आली. तिकडून ट्रायफीना कोळशावरच्या फळ्यांवरून आली. ती जाड झाली होती, तिच्या कानात आईचे डूल होते. दोघी नाकांवर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाचीच बोट हलत नव्हती.

“मागं घे,” केझाया म्हणाली.

“तू घे,” ट्रायफीना म्हणाली. “चोराची बोट मागं जात नसते, नाही का?”

आणि सुरू झालं. लॉकपासून निघालं ते आईच्या डुलांवर आलं, तिथून केझायाच्या लग्नातल्या कच्च्या पुडिंगवर गेलं, सेथच्या दाढीवर, एनॉकच्या मुकेपणावर. पिल्बीम घड्याळ बघत होते. मिसेस क्लटरबक मध्ये पडू पाहत होत्या, त्यांना दोघी बहिणींनी एकाच वेळी, एकाच शब्दांत गप्प बसवलं. कुणी मागे जायला तयार नव्हतं. जो मागे जाईल त्याची नातवंडंसुद्धा कालव्यावर ‘मागे गेलेल्यांची’ म्हणून ओळखली गेली असती. पण कुणी मागे गेलं नाही तर पाच वाजता माती पडणार होती आणि केझाया तिसऱ्या मजल्यावर जाणार होती. हे तिला समजत होतं. तोंडाला समजत नव्हतं.

“पाणी माझ्या बाजूला होतं,” केझाया शेवटी म्हणाली. “लॉक माझं होतं.”

“पाणी होतं. दांड्यावर हात कुठं होता तुझा? सेथनं दोनदा हाक मारली. दांड्यावर कुणी नव्हतं. तू शेतात बसली होतीस, टोपलीत हात घालून.”

केझायाचे कान लाल झाले.

“मश्रूम काढत होते,” ती म्हणाली.

“कायदा मोडून मश्रूम?”

“तुझ्यासाठी गं, म्हशे. तुला डोहाळे लागले होते. मागच्या भेटीत ओरडून सांगितलं नव्हतंस, लोण्यात परतलेले मश्रूम खावेसे वाटतात म्हणून? द्यायला आले तर सेथनं बोट लॉकमध्ये घातलेली.”

ट्रायफीनाने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पिल्बीम सवयीने आत डोकावले.

“मग टाकायचे तरी होतेस बोटीवर,” ती हळूच म्हणाली.

“टाकले. ‘चोर’ म्हणाले तेव्हा टाकले. पाण्यात पडले.”

दोघींकडे अजून पुष्कळ भांडण शिल्लक असेल असं दोघींना वाटत होतं. शोधलं तर सापडेना. सत्तर फुटांत कधी न मावलेलं भांडण पुरेसा वेळ मिळताच संपलं. ट्रायफीना म्हणाली, “चहा ठेवते,” आणि कोळशावरून परत केबिनकडे गेली. हे बघून काही सभासदांना रडू आलं, बाकीच्यांना घड्याळ आठवलं.

चहा झाला तरी बोटी तिथेच होत्या. आता तर प्रश्न आणखी बिकट झाला, कारण दोघी म्हणू लागल्या, “मी घेते मागं,” “तू कशाला, मी घेते.” पण जी मागे जाईल तिचा माल पोचणार नव्हता आणि तिचा पक्ष ते होऊ देईना. तेव्हा ‘लार्कस्पर’च्या सुकाणूपाशी बसलेला एनॉक उठला. सगळे वळून बघू लागले. त्याने पाइप तोंडातून काढला.

“बोटी नाही जात तर राहू द्या,” तो म्हणाला. “माल जाऊ द्या.”

आणि बसला. लग्नापासूनचं साठलेलं सगळं त्यात आलं.

पूर्वी एखादं लॉक मोडलं की दोन बाजूंच्या बोटी असाच माल बदलत. मग जी धांदल उडाली ती थॉर्निकॉटने परत पाहिली नाही. संघाचे लोक जॅमच्या पेट्या ‘हॉर्नबीम’वर चढवत होते, समितीचे लोक कोळसा ‘लार्कस्पर’वर फेकत होते. बँकेचे व्यवस्थापक पांढऱ्या पँटमध्ये आले होते, ते काळ्या पँटमध्ये गेले. मिसेस क्लटरबक फावडं मारत होत्या आणि पिल्बीम त्यांना ‘उत्तम, अजून थोडं उघडा’ असं म्हणत होते. एक पेटी फुटली, मग सगळ्यांनी बोटांनी जॅम खाल्ला. कोळशाचा जॅम की जॅमचा कोळसा हे कळेनासं झालं.

आता दोन्ही बोटींना मागेच जायचं होतं. दोघी मागे जाणार, म्हणजे कुणीच मागे गेलं नाही. बोट उलटी चालली की सुकाणू ऐकत नाही, म्हणून शेपटीला दोर बांधले. एक दोर समितीने खांद्यावर घेतला, दुसरा संघाने. केझाया आणि ट्रायफीना नाकांवरच लांब काठ्या घेऊन उभ्या राहिल्या, खडकापासून बोट दूर लोटायला. त्यामुळे बोटी दूर जाऊ लागल्या तरी दोघी समोरासमोर होत्या. सत्तर फूट झाले, बोलणं चालूच. पुडिंग कच्चं का राहिलं ते केझायाने आत्ता सांगितलं. वळण येईपर्यंत ट्रायफीना हसत होती, वळणानंतर नुसतं हसणं ऐकू येत होतं.

पाचला थोडं कमी असताना थोरल्या साहेबांनी पाहिलं की सकाळी जॅम घेऊन पुढे गेलेली बोट संध्याकाळी कोळसा घेऊन मागच्या बाजूने येते आहे आणि तिला काळी, चिकट माणसं ओढत आहेत.

“ही बोट तर इथूनच गेली होती,” ते म्हणाले. “आणि उलटी का?”

“साहेब, तुमच्या अटीत माल आहे,” केझाया म्हणाली. “तोंड कुठं असावं ते नाही.”

साहेबांनी कोळशाचा एक तुकडा उचलून पाहिला. बोटं चिकटली. त्यांनी ती चाखली, विचार केला, आणि विचारलं की हा जॅम विकत मिळेल का. तेवढ्यात संगमावरून फोन आला की धाकट्या साहेबांची दुसरी बरणी चालू आहे. फाटा वाचला.

त्या आनंदात समिती आणि संघ एक झाले. बिल्ल्यावर उलटी जाणारी बोट घ्यायची ठरलं. बोटीने डावीकडे जावं की उजवीकडे यावरून ते महिनाभरात पुन्हा फुटले.

ट्रायफीना आता दर पंधरवड्याला थॉर्निकॉटला कोळसा आणते आणि केझाया जॅम घेऊन सामोरी जाते. भोंगे कपाटातून सोडवून आणले आहेत. घळीच्या एका तोंडाशी केझाया भोंगा वाजवते, म्हणजे ‘तू ये आधी’. दुसऱ्या तोंडाशी ट्रायफीना वाजवते, म्हणजे ‘छे, तूच ये’. दुपारपर्यंत घळ घुमत राहते आणि एकही बोट आत शिरत नाही. शेवटी एनॉक उठतो, टोपलीत लोण्यात परतलेले मश्रूम घेतो आणि काठाने चालत पलीकडे निघतो.