चूल पेटली तरच!

एनजीओत आयुष्य काढलेल्या माणसाला पेन्शन नसतं, किस्से मात्र ढीगभर असतात. रिपोर्टात ते मावत नाहीत, आणि मावले तर साहेब खोडतात! देवपूरच्या आमच्या ऑफिसात रिपोर्ट मीच लिहायचो, त्यामुळे खोडलेले सगळे माझ्याकडे साचले.

आधीचे परदेशी देणगीदार बिचारे भोळे. ट्रेनिंगचा बॅनर आणि चहा पिणाऱ्या बायांचा फोटो पाठवला की खूश! मग नवे आले. त्यांचं म्हणणं, पैसे रिझल्टचे. बिनधुराच्या चुली वाटल्याचे नाहीत, पेटल्याचे!

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात आम्ही चाळीस लोखंडी चुली दिल्या. त्यातल्या तीस तरी रोज पेटायला हव्यात. नाही तर प्रोजेक्ट बंद, आणि त्याबरोबर आमच्या गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्या सुशीलाअक्कांची नोकरीही. अक्का मूळच्या पहूरच्या. ते गाव त्यांनीच पायपीट करून जोडलेलं, आणि घर त्यांच्याच पगारावर चालायचं.

नियम ऐकून जीपवाले नाना म्हणाले, "साहेब, मग तुमचा पगार कशावर?"

साहेबांनी चहा मागवला.

*

पहिल्या तपासणीला देणगीदारांच्या वतीने पुण्याहून मॅडम आल्या. पहिल्याच घरात आमची चूल देव्हाऱ्याशेजारी! हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं फूल.

"आजी, वापरत का नाही?"

"इतली चांगली वस्तू शे! पेटाडी ते खराब व्हई जाई ना!"

मॅडमनी शून्य लिहिलं. अक्का बाहेर येऊन मला म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या वेळी जरा वाईट चुली आणा."

*

दुसऱ्या खेपेला गावानं अक्कांची अब्रू राखायचं ठरवलं. जीप दिसली आणि भर दुपारी तीन वाजता घरोघरी चुली पेटल्या!

आता चूल पेटली म्हणजे काहीतरी शिजणार, आणि शिजलं म्हणजे पाहुणी उपाशी कशी जाणार? पहिल्या घरी शेवभाजी, दुसऱ्या घरी भरीत, तिसऱ्या घरी कळण्याची भाकरी आणि ठेचा. नको म्हटलं की, "ताई, चूल पेटनी शे, आते खाल्याबिगर जाऊ देवाव नही!"

सातव्या घराच्या ओट्यावर मॅडमनी बसकण मारली. नाना म्हणाले, "मॅडम, रिझल्ट सगळा तुमच्याच पोटात गेला!"

त्या हसल्या खऱ्या, पण रिपोर्टात लिहून गेल्या: 'डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास ठेवू नये.'

*

म्हणून सेन्सर आले. काडेपेटीएवढी डबी चुलीला लावायची. डबी तापली की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चूल पेटल्याची नोंद. मोजणी मार्च ते मे.

गावात सगळ्यात मनापासून चूल वापरायची ती सातव्या घरची सुखीबाई; तिचा खोकला मॅडमनीही ऐकलेला. दोन्ही वेळचा स्वयंपाक तिच्यावरच. कित्येक वर्षांचा खोकला गेला म्हणून अक्कांच्या गळ्यात पडून रडली. मी तिथेच होतो. खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

आणि कॉम्प्युटरवर मात्र सुखीबाईचं घर थंडगार!

अक्कांनी जाऊन विचारलं, "बाई, डबी कुठे?"

"पेटीमा ठेवेल शे, दागिनासंगे. इलायतनी वस्तू, चोरी जाई ते?"

मोजणी संपेपर्यंत डबी काही पेटीबाहेर आली नाही. खोकला गेल्याचं मी रिपोर्टात लिहिलं. साहेब म्हणाले, "खोकल्याला कॉलम नाही." खोडलं!

*

मे संपला. अक्का तीन रात्री झोपल्या नव्हत्या. कॉम्प्युटर म्हणाला, पेटलेल्या चुली बरोब्बर तीस!

आणि पहिला नंबर दगडूआबांचा. गावाच्या टोकाला राहणारे, पंच्याहत्तरीचे, एकटे. त्यांची चूल रोज सकाळी दहाला पेटायची ती संध्याकाळपर्यंत! परदेशातून मेल आला: 'आदर्श कुटुंब, सत्कार करा.'

शाल-श्रीफळ घेऊन मॅडम आल्या, सोबत साहेबही. दुपारचे दोन, उन्हानं जीपच्या दाराला हात लावता येईना.

"आबा, एकट्यासाठी एवढं काय शिजवता?"

आबा गोंधळले. "मी कसाले शिजाडू? मी ते पोरघर जेवस."

"मग चूल?"

आबांनी काठी वर केली. "पत्रावर ठेवेल शे. वारामा पत्रा उडाले नको म्हनीसन!"

मॅडमनी अक्कांकडे पाहिलं. आबांचं बोलणं त्यांना नीट कळलं नव्हतं. साहेबांनी अक्कांना डोळ्यांनी खुणावलं, काहीतरी सांगून टाका. आबांची चूल वगळली की उरत होत्या एकोणतीस. भरपाईला सुखीबाईची डबी कुठे होती? दागिन्यांच्या पेटीत!

तरी अक्का म्हणाल्या, "मॅडम, चूल पत्र्यावर आहे. उन्हानं तापते."

मॅडमनी छपराकडे पाहिलं, घाम पुसला आणि विचारलं, "अक्का, त्या सुखीबाईंचा खोकला कसा आहे?"

"गेला, मॅडम."

मॅडमनी फॉर्म काढला. रकाना होता, 'इंधन'. खाली तीन चौकोन: लाकूड, गोवरी, इतर.

त्यांनी 'इतर'वर टिक केली आणि आबांना शाल घातली.