बिराप्पाच्या कळपाची भरभराट

आटपाडीच्या माळावरच्या बिराप्पाला मेंढरं पाळायची हौस कमी आणि मिरवायची जास्त. दिवस लढाईचे. पलटणीला मटण पुरवणारे ठेकेदार वस्तीवस्तीवर हिंडत होते आणि बाकीचे धनगर जास्तीचे नर त्यांना विकून मोकळे होत होते. बिराप्पाने मात्र बिरोबापुढे भंडारा उचलून शपथ घेतली, "माज्या कळपातलं एक शेपूटबी इकणार न्हाई." लोकांनी तोंडात बोटं घातली आणि तेवढ्यावर गडी खूश.

लांडगा दरसाल चार-दोन लंगडी, दुबळी मेंढरं न्यायचा. बिराप्पाने ओढ्याकाठच्या त्याच्या बिळात धूर करून त्यालाही हुसकलं. मग काय विचारता! मेंढ्या वीत होत्या, त्यांची कोकरं मोठी होऊन वीत होती, आणि कळपातून जाणारं कुणीच नव्हतं. माळ मात्र होता तेवढाच. त्याला काही कोकरं होत नव्हती.

एवढी साधी गोष्ट त्याच्या बायकोला, हरणाबाईला, कळत होती. कळपाचं मूळ तिच्या माहेरच्या मेंढ्यांचं, त्यामुळे तिचा जीव त्यांच्यात. ती म्हणाली, "आवं, गवात तेवढंच हाय आन् तोंडं लय झाली. नर तरी काढा."

"तुला बरकत बगवंना व्हय?" बिराप्पा म्हणाला.

दिवाळी झाली की धनगर कृष्णाकाठी उतरायचे. शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी रात्रीची मेंढरं बसवायची आणि बदल्यात दाणे घ्यायचे. तेवढे महिने इकडे माळालाही विसावा. त्या साली बिराप्पाची पंचाईत झाली, कारण एवढा कळप मावेल असं रानच कुणाकडे नव्हतं. त्याचा जोडीदार अर्जुना म्हणाला, "गड्या, दोन भाग कर. अर्धी वैनी नेईल, अर्धी तू ने." पण अर्ध्या कळपाला मोठा कळप कोण म्हणणार? बिराप्पा माळावरच राहिला.

माघात कुसळसुद्धा संपलं. उरलं ते बिरोबाचं बन. त्यात मेंढरू सोडायचं नाही अशी वाडवडलांची रीत. दुष्काळातही गवताचं बी तिथे तगायचं आणि तिथूनच माळभर पसरायचं. बिराप्पाने देवाला कौल लावला. ओलं फूल मूर्तीला चिकटवायचं, उजवीकडे पडलं की होकार. फूल डावीकडे पडलं. नीट चिकटलं नसेल म्हणून त्याने दुसरं लावलं, तेही डावीकडे. मग त्याने फूल मूर्तीच्या उजव्या अंगालाच लावलं. देव तरी काय करणार बिचारा, दिला होकार.

बन मुळासकट साफ झालं. पुढे पाऊस बरा झाला, पण माळावर उगवायला बीच उरलं नव्हतं. पाणी आलं आणि माती घेऊन गेलं. एरवी लांडग्याने नेली असती अशा एका लंगड्या मेंढीची खरूज दाटीत सगळ्यांना लागली. कोकरं कोरड्या सडांना लुचत मरू लागली. तरी हा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "अजूनबी माजाच कळप मोठा हाय." असल्या माणसापुढे डोकं फोडून घ्यावं.

हरणाबाईने डोकं फोडलं नाही. तिने धडधाकट मेंढ्या निवडल्या, एक नर घेतला आणि पुढची दिवाळी होताच नवऱ्याला न विचारता कृष्णेची वाट धरली.

गुढीपाडव्याच्या सुमाराला बिराप्पा कृष्णाकाठी वाळव्याकडे तिच्या तळावर आला. खांद्यावर घोंगडी, मागे दोन कुत्री. राखायला काही उरलं नव्हतं. तिने भाकरी वाढली. पहिला घास घेतला आणि तो ढसाढसा रडला. तिने आणखी एक भाकरी त्याच्यापुढे टाकली.

जेवून उठला तर समोर नवी कोकरं बागडत होती. गड्याचे डोळे चमकले. "दोन सालांत बग कळप कसा हुतोय."

"आज बाजार हाय," हरणाबाई म्हणाली. "जास्तीचं नर तुमीच काढा."

त्याने एका तुकतुकीत नराच्या गळ्याला मिठी मारली. "ह्यो तरी ऱ्हाऊं दे."

"ऱ्हाऊं दे की. मग त्येच्या वाटणीचं गवात कंच्या मेंढीच्या तोंडातनं काढू, ती दावा."

लेकुरवाळ्या मेंढ्या सावलीत रवंथ करत होत्या. बिराप्पाने एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. मग त्याने डोईचा पटका सोडला, त्या नराच्या गळ्यात दाव्यासारखा बांधला आणि त्याला घेऊन बोडक्या डोक्याने बाजाराच्या वाटेला लागला.