लाभार्थी सभासद होत नसतो

"घड्याळ काढून ठेवा," मॅडम म्हणाल्या. "आणि तो मागच्या वर्षीचा शर्ट घाला. कॉलर फाटलेला. आणलाय ना?"

आणला होता. दरवर्षी आणायला सांगत. नगरच्या हॉलमध्ये संस्थेची वार्षिक सभा. पुण्या-मुंबईचे आजीव सभासद खुर्च्यांवर, समोसे फिरतायत. आणि पडद्यामागे मी, शेहेचाळीस वर्षांचा बाप्या, उघड्या अंगाने शर्ट बदलतोय.

मॅडम संस्थेच्या सचिव. संस्था जामखेड तालुक्यात ऊसतोड्यांच्या पोरांसाठी वसतिगृह चालवते. आईबाप कारखान्यावर गेले की पोरं इथे राहून शिकतात. काम चांगलं. मी तिथेच शिकलो आणि तिथेच बारा वर्षं पोरं सांभाळायला नोकरीला होतो.

आणि वर्षातून एकदा गोष्ट सांगायचो. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. माईक हातात आला की मी राजा. आईचं मरण सांगायचो. उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत ती तापाने गेली. खरंच गेली, भर दुपारी. पण दुपारच्या मरणाला हॉल हलेना. तिसऱ्या वर्षी मी तिला पहाटे मारली, कडाक्याच्या थंडीत. ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, गोष्टीत पाचव्या वर्षी सात वर्षांचा झालो. पहिल्या रांगेत एक रुमाल निघाला की आवाज खाली आणायचो. दोन निघाले की थांबायचो. आईला मी असा हप्त्याहप्त्याने विकत होतो.

त्या दिवशी चार रुमाल निघाले. मग मॅडम माईकवर आल्या. "सभासद म्हणजे नुसता देणगीदार नाही. सभासद म्हणजे संस्थेचा मालक. त्याला मत आहे."

मला वाटलं, मग मी का नाही? पगारातली वर्गणी खिशात होती. अर्ज भरला आणि मॅडमच्या टेबलापुढे रांगेत उभा राहिलो. मॅडमनी अर्ज पाहिला. हसल्या.

"अहो, तुम्ही कुठे इथे?"

"सभासद व्हायचंय, मॅडम."

"लाभार्थी सभासद होत नसतो."

"बारा वर्षं काम करतोय मी."

"तुम्ही तर आमची गोष्ट आहात. गोष्टीला कुठे मत असतं?"

मागचे एक आजीव सभासद खळखळून हसले. "तुमच्या वतीने मी देतो की मत!" म्हणाले. पाठीवर थाप मारली आणि हातात समोसा ठेवला. मी तो खाल्ला. लिहायला लाज वाटते, पण खाल्ला.

तेवढ्यात मॅडम टेबल सोडून माझ्याकडे आल्या. "काही पाहुणे उशिरा आलेत. पुन्हा एकदा सांगा. सगळं नको. फक्त आईचा भाग."

आईचा भाग.

मी माईक घेतला. म्हणालो, "माझी आई दुपारी मेली. तिचं नाव हरणाबाई. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही." माईक खाली ठेवला. एकही रुमाल निघाला नाही. आठवड्यात नोकरी गेली.

दिवाळीआधी, तोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघायच्या आत, खर्ड्याच्या समाजमंदिरात आम्ही ऊसतोडे बसलो. आपलंच वसतिगृह काढायचं ठरलं. आपली वर्गणी, आपलं मत. मी ऐटीत नियम वाचला : एका कोयत्यामागे एक मत.

आमच्यात नवराबायको मिळून एक कोयता. टोळी नेणारा मुकादम तसंच मोजतो. एकटं माणूस अर्धा कोयता. मला त्यात काहीच खटकलं नाही. कौसाबाई उठली. नवरा वारलेली, एकटी तोडीला जाणारी.

"म्हंजी मी अर्धी? मुकादमाला अर्धी, तुलाबी अर्धीच? तुला तिकडं हाकललं तवा लई लागलं, व्हय रं?"

हॉलमधलं हसणं आठवलं. आता त्या टेबलामागे मी होतो. नियम खोडला. माणसामागे एक मत, बाईचं वेगळं, बाप्याचं वेगळं. "एका घरात दोन पुढारी कशाला?" म्हणत सात-आठ जण उठून गेले. जाऊ दिलं. उरलेल्यांनी कौसाबाईला अध्यक्ष केलं.

पत्र्याच्या दोन खोल्यांत आता अकरा पोरं आहेत. मध्यंतरी हॉलमध्ये हसलेले तेच आजीव सभासद गाडी घेऊन आले. मोठी इमारत बांधून देतो म्हणाले. अट एकच, वर्षातून एकदा एखाद्या मुलीने पाहुण्यांसमोर आपलं दुःख सांगायचं.

कौसाबाई म्हणाली, "मेंबर व्हा, सायेब. वर्गणी आमच्याइतकीच, मत एकच. आन् दुःख आयकायचं आसंल तर तुमच्या आईचं सांगा. आमी बसतो आयकत."

गाडी आली तशी गेली.

जागा नव्हती म्हणून यंदा एका मुलीला आम्ही परत पाठवलं. चौथीतली. ती फडावर गेली, धाकट्या भावाला काखेत घेऊन. इमारत घेतली असती तर ती शाळेत असती. हे मी कुणापासून लपवणार नाही. आणि तो नकार मागेही घेणार नाही.

टोळ्या परतल्या की दारोदार वर्गणी मागणार आहे. पहिलं दार त्या मुलीच्या आईचं. ती शिव्या देईल. उंबऱ्यात उभा राहून सगळ्या ऐकीन. आणि मग तिच्यापुढे सभासदाचा अर्ज धरीन.