निमोण्याच्या भिंतीवरची प्रत

माझा पहिला शोधनिबंध छापून आला, तेव्हा आबांनी त्याच्या प्रती पेढ्यांबरोबर वाटून टाकल्या. आता हसू येतं. तेव्हा माझं डोकं असं फिरलं होतं की विचारू नका.

सत्तरचं दशक होतं. आबा दौंडला लोको शेडमध्ये फिटर, आणि मी पुण्याच्या प्रयोगशाळेत भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंचा डीएनए वेगळा करत बसलेली. शनिवारी गाडीनं घरी यायचे. निबंध छापला की नियतकालिकवाले त्याच्या थोड्या सुट्या प्रती लेखकाला पाठवत. माझा गठ्ठा मी घरी कपाटावर ठेवला होता. पुढच्या शनिवारी बघते तर कपाट मोकळं!

"आबा, गठ्ठा कुठंय?"

"वाटला की!" आबांचा चेहरा नुसता फुललेला. "शेडमधी दिला, केडगावच्या पाव्हण्यांना दिला, खुटबावला दिला. आपलं आडनाव छापून आलंय, दडवून ठिवायचं व्हय?"

याच आडनावापायी आबांना शाळेत दाराबाहेर बसवलं होतं. हे ठाऊक असूनही मी तणतणलेच. "अहो आबा, लग्नाच्या पत्रिका आहेत का त्या?"

खरी पंचाईत पुढंच झाली. त्या काळी परदेशातल्या संशोधकाला निबंध हवा असला की तो पोस्टकार्ड टाकून प्रत मागायचा. असं एक कार्ड माझ्या नावानं आलं. तो माणूस याच जिवाणूंवर काम करत होता आणि आपलं भारतातलं नियतकालिक त्याच्या ग्रंथालयात येत नव्हतं. माझी फेलोशिप वाढवायची की नाही, हे पुढच्या वर्षी ठरणार होतं. फेलोशिपची समिती विचारणार ते एकच: तुमच्या कामाचा संदर्भ कुणी आपल्या निबंधात दिलाय का? नाहीतर शिरूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी तयारच होती. वाईट नव्हती ती. पण मला प्रयोगशाळा सोडायची नव्हती, आणि संदर्भ देईल असा तो एकच माणूस दिसत होता. माझ्या मार्गदर्शक सरांच्याही प्रती संपल्या होत्या, आणि झेरॉक्स आमच्याकडं अजून आलं नव्हतं.

आबा सायकल काढून प्रती गोळा करायला निघाले. शेडमधल्या प्रतींना काळं ऑइल लागलेलं. खुटबावला पोरांनी प्रतीचं पुस्तकाला कव्हर घातलेलं. केडगावच्या प्रतीत तक्त्याचं पानच नाही. उरली निमोण्याची आत्या, आबांची थोरली बहीण. भुईमुगाची झाडं मी तिच्याच रानातून उपटून नेली होती.

रविवारी एसटीनं आम्ही दोघं निमोण्याला गेलो. आत्यानं अख्खी प्रत फ्रेममध्ये घालून बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावली होती.

"न्हाई द्यायची," ती म्हणाली.

"आक्का, तुला त्यातलं काय वाचता येतंय?" आबा चिडले.

"आन् तुला येतंय? पोरीचं नाव कुठं हाय ते दावता येतं मला. ज्यांनी कवा वट्यावर चढू दिलं न्हाई, ते बी येऊन बघून गेलं."

मागायला आलेली मीच, आणि मलाच ती भिंतीवरून काढावीशी वाटेना. शेवटी धीर करून समितीचं, शिरूरच्या नोकरीचं, सगळं सांगितलं. मग आत्यानं पदरानं काच पुसली आणि फ्रेम खाली उतरवली.

"माझ्या भुईमुगाचं हाय म्हणावं त्येला. नीट वाच म्हणावं."

प्रत पाठवली आणि वाट बघत बसले. बरेच महिने गेले. मी तर आशाच सोडली होती. मग एक दिवस टपालानं त्या माणसाचा स्वतःचा निबंध आला. मी सुरुवात वाचलीच नाही, थेट शेवटच्या पानावरची संदर्भांची यादी काढली. बारीक अक्षरांत आमचं आडनाव! प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. फेलोशिप वाढली.

पुढं माझे पुष्कळ निबंध झाले, संदर्भही होत राहिले. तो आनंद मात्र पुन्हा झाला नाही.

त्या माणसाचा निबंध घेऊन मी तेव्हा निमोण्याला गेले. भिंतीवर रिकामी फ्रेम तशीच लटकत होती.

"माझी परत केली का त्यानं?" आत्यानं पहिलं तेच विचारलं.

"नाही गं. पण हे बघ, त्यानं आपलं नाव लिहिलंय."

तिनं त्या ओळीखाली बोट धरलं.

"म्हंजी त्येच्या बी भिंतीला लागलं म्हण की," ती म्हणाली आणि फ्रेम माझ्या हातात दिली. "घाल हे ह्यात. शेवटचं पान वर ठिव."