एकाच नावाची दोन कार्डं

गोंदियाच्या दुकानात काउंटरवर दोन खोकी ठेवली होती. दोन्हींवर नाव एकच, आकडाही एकच. एकात सहा जीबी मेमरी होती, दुसऱ्यात आठ. किमतीत फारसं अंतर नव्हतं. मुलीला गेम खेळायला कॉम्प्युटर जोडायचा होता. बाकी सामान घेऊन झालं होतं, हे ग्राफिक्स कार्ड तेवढं राहिलं होतं.

"मॅडम, उन्नीस-बीस का फरक है," दुकानदार म्हणाला. "कोई भी ले लो."

"सहावालं घेऊ, आई," मुलगी म्हणाली. "त्याले वेगळी वायर लागत नाही. करंट कमी खाते. इन्व्हर्टरवर आबाजीचं मशीन हाये ना."

आबाजी म्हणजे माझे सासरे. जन्मभर बिड्या ओढून फुप्फुसं गेलेली. वर्षभरापासून ते ऑक्सिजनच्या मशीनवर आहेत. हे मशीन खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडतं, आणि ते विजेवर चालतं. ते थांबलं की थोड्या वेळात त्यांचे ओठ काळे पडायला लागतात. इन्व्हर्टर बसवला होता तो त्यासाठीच.

मी दोन्ही कार्डं हातात घेतली. आम्ही धानवाले लोक. दोन वाणांचं बियाणं सारखं दिसलं तर मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे आणि जे भारी लागेल ते उचलायचं. लग्न झाल्यापासून मी हेच करत आले आणि कधी फसले नाही. आठवालं कार्ड लांब होतं, जड होतं, त्याला पंखाही एक जास्त होता.

"हे घे. वर्षभरानं पुन्हा कुरकुर नको."

"पन आई, वायर..."

"पन बिन काही नाही. काऊन घाबरून राहिली? कॉम्प्युटर काय बोअरचं पानी काढते?"

दुकानदार हसला. मुलगी हसली नाही.

इन्व्हर्टरची लाइन सासऱ्यांच्या खोलीपुरतीच होती. लाईट गेली तरी गेम अर्ध्यात बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटर तिथेच लावला. सासऱ्यांना बरं वाटलं. खाटेवरून ते स्क्रीनकडे पाहत राहत.

"हे कोनाले मारून राहिली तू?"

"दुश्मनाले, आबाजी."

"त्यानं काय केलं तुयं?"

फेब्रुवारीपर्यंत सगळं ठीक चाललं. त्या वर्षी चोरखमारा तलावाचं पाणी आमच्या टोकाच्या धानाच्या बांध्यांपर्यंत आलं नाही, म्हणून उन्हाळी धानासाठी सगळ्यांनी बोअर चालवले. मोटारींना लागणारी थ्री फेज वीज दिवसातून ठरावीक तासच असते. ती आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी आपोआप एकदम सुरू होतात, कारण प्रत्येकानं ऑटो स्विच लावलेला. त्या क्षणी गावातला पंखा रेंगाळतो आणि बल्ब पिवळा होतो. आम्हाला त्याची सवय आहे. बल्ब जळतोय ना, मग लाईट आहे, असं आम्ही धरून चालतो.

त्या दिवशी दुपारी मी मागच्या आंगणात गुरांचं कुटार पोत्यांत भरत होते. घरातून बारीक शिटीसारखा आवाज येऊ लागला. मी मान वर करून पाहिलं. सैपाकघरातला बल्ब जळत होता. गेममधला आवाज असेल म्हणून मी आणखी एक पोतं भरलं. ते पूर्ण भरलं. तोंडही शिवलं.

आवाज थांबेना, तेव्हा आत गेले. मुलगी गेम चालू ठेवून आंघोळीला गेली होती. स्क्रीन काळी होती. ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं होतं आणि वीज तुटल्याची शिटी तेच वाजवत होतं. सासरे खाटेच्या काठावर दोन्ही हात टेकून बसले होते, तोंड उघडं, खांदे वर-खाली होत होते. ओठ जांभळाच्या सालीसारखे.

कोपऱ्यात अडीअडचणीसाठी ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर होता. वरची चावी फिरेना. फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा ती सरकली. नळी बदलून नाकाला लावली. त्यांची नखं परत लालसर होईपर्यंत मी दुसरीकडे पाहिलं नाही.

बोलता आलं तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, तुले आवाज देत होतो. आवाजच निघेना."

संध्याकाळी वायरमन आला. व्होल्टेज फार खाली गेलं की इन्व्हर्टर त्याला लाईट गेली असंच समजतो आणि सगळा भार बॅटरीवर घेतो, हे त्यानं समजावलं. घरभर बल्ब जळत होते आणि ती एक खोली रोज तासन्‌तास बॅटरीवर चालत होती. त्या दिवशी बॅटरी उतरलेली, त्यात दोन्ही मशीनं, म्हणून इन्व्हर्टरनं मान टाकली. त्यानं कार्डाचं खोकं उलटसुलट करून वाचलं.

"सहावालं घेतलं असतं तं निभलं असतं का?" मी विचारलं.

"सांगता येत नाही, ताई. कदाचित."

मुलगी दारात उभी होती. आठवालं मी घ्यायला लावलं हे तिनं काढलं नाही. मीच म्हणाले, "चूक माही हाये." ती आत जाऊन प्लग काढू लागली.

कॉम्प्युटर आता माझ्या खोलीत आहे, साध्या लाइनवर. मोटारी सुरू झाल्या की तो बंद पडतो, पडू दे. मला वाटलं, प्रश्न मिटला. आठवड्याभरानं सासऱ्यांच्या खोलीत औषध द्यायला गेले तर इन्व्हर्टरवरचा बॅटरीचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे खोली बॅटरीवरच चालत होती. कॉम्प्युटर बंद होता. मुलगी कॉलेजला गेलेली. नवी बॅटरी आणली, तरी दुपारी दिवा लागतोच, कारण मोटारी आहेत तेवढ्याच आहेत आणि धान निसवून कापणीला यायला अजून वेळ आहे.

थ्री फेज या आठवड्यात अकराला येते. त्या वेळेला मी कुठं जात नाही. खाटेजवळ स्टूल घेऊन बसते. सासरे म्हणतात, "जाय ना वावरात, कायले बसून राहिली?" बाहेर मोटारी घुमू लागतात, वरचा पंखा हळू होतो आणि मी त्यांचे श्वास मोजायला लागते.